एरियाचं नाव खराब कसं होतं? (कोथरूड, येरवडा आणि मधलं सगळं)

चावडीकर
घर शोधण्याच्या प्रत्येक धाग्यावर 'एरिया कसा आहे?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तरं ठरलेली. कोथरूड : डोळे झाकून घ्या. येरवडा : फॅमिली असेल तर नको. कोंढवा : बघा बुवा. कशावरून विचारलं की 'सगळ्यांना माहितीये' एवढंच. म्हणून हा वेगळा धागा. आपण पुण्यापुरतंच बोलू, नाहीतर मुंबईकर येऊन डोंगरी-नागपाड्याचे किस्से सुरू करतील.

सुरुवातीला दोन घटना ठेवतो. ५ जानेवारी २०२४ ला भर दुपारी गुंड शरद मोहोळचा गोळ्या घालून खून झाला. जागा सुतारदरा, म्हणजे कोथरूडच. त्यानंतरही तिथल्या टोळ्यांच्या बातम्या येत राहिल्या. कोथरूडच्या नावाला धक्का? शून्य. तिथले लोक सरळ सांगतात, 'ते सुतारदऱ्यात, आमच्याकडे नाही.'

आता दुसरी. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर उडवले. अपघात कल्याणीनगरमध्ये, गुन्हा दाखल येरवडा पोलीस ठाण्यात. कारण कल्याणीनगर येरवड्याच्याच हद्दीत येतं. पबमधून निघून होणारी भांडणं, दारू पिऊन चालवलेल्या गाड्या, बंगल्यांतल्या चोऱ्या, सगळं येरवड्याच्या खात्यावर.

माझं म्हणणं इतकंच की चांगल्या समजल्या जाणाऱ्या एरियातला गुन्हा गल्लीच्या नावावर पडतो आणि बदनाम एरियातला अख्ख्या एरियाच्या नावावर. बोला.

हद्दवाला
बरोबर, पण हे नुसतं लोकांच्या तोंडचं नाही, नोंदीच्या पद्धतीतच ते आहे. गुन्ह्याचा हिशोब पोलीस ठाण्याच्या हद्दीप्रमाणे राहतो. ती हद्द प्रभागाशी जुळत नाही, पिनकोडशी जुळत नाही, आणि तुमच्या डोक्यातल्या 'एरिया'शी तर नाहीच नाही. लोक ज्याला सरसकट कोथरूड म्हणतात त्या पट्ट्याला कोथरूड, अलंकार आणि वारजे माळवाडी अशी ठाणी लागतात. म्हणजे तिकडचा हिशोब तीन वह्यांत विभागला जातो. येरवडा ठाण्याच्या वहीत मात्र झोपडपट्टी, जेल रोड, नगर रस्त्याचा पट्टा आणि कल्याणीनगर एकत्र. आकडे शेजारीशेजारी ठेवले की कोण 'वाईट' दिसणार हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे हद्दी बदलतात. २०१८ च्या १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं. त्याआधीचे 'पुणे शहर' आकडे आणि नंतरचे, ही तुलनाच होऊ शकत नाही. २०२४ मध्ये पुणे शहरात सात नवी ठाणी झाली : आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. ज्या जुन्या ठाण्यातून हद्द तुटली तिथे गुन्हे 'घटले' असं दिसणार, आणि नव्या ठाण्याकडे मागच्या वर्षीचा आकडाच नाही. तरी 'अमुक भागात गुन्हेगारीत मोठी घट' अशी बातमी वाचायची तयारी ठेवा.

तिसरं, एनसीआरबीचा (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) अहवाल कुणी पुरावा म्हणून आणला तर त्याला घरी पाठवा. त्यात २० लाखांवर लोकसंख्येच्या महानगरांचे आकडे अख्ख्या शहराचे असतात, एरियाचे नसतात. शिवाय एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणीत सगळ्यात गंभीर तेवढंच धरतात.

शंकेखोर
म्हणजे सगळं कागदावरचं? येरवड्यात कोयते निघत नाहीत का? रात्री गाड्या फुटत नाहीत का? नुसती हद्द बदलून हे जाईल का?

हद्दवाला
निघतात, फुटतात. प्रश्न असा की नेमकं काय होतं, कुठे, किती वाजता, आणि कुणाला. हे बघायची सोय आहे, लोक वापरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. खातं उघडावं लागत नाही.

कसं बघायचं ते सांगतो. आधी ज्या इमारतीत घर घ्यायचंय ती कुठल्या ठाण्यात येते हे पक्कं करा. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. मग जिल्ह्यात 'पुणे शहर', नंतर ठाणं, मग तारखा. तारखांची मुदत छोटी घ्या, आठ-दहा दिवसांची. मोठी घेतली की पान अडकतं आणि कॅप्चा पुन्हा भरावा लागतो. निदान तीन वेगवेगळे महिने बघा, त्यात एक मे महिना असू द्या आणि एक गणपतीचा.

पीडीएफ उघडला की तीनच गोष्टी वाचा. मुद्दा २ मध्ये कलमं. मुद्दा ३ मध्ये घटनेची तारीख-वेळ, 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही. घरफोडीत हे अंतर तीन-चार दिवसांचं असेल तर घर बंद होतं, माणसं गावाला गेली होती. मुद्दा ५ मध्ये जागा : ठाण्यापासून दिशा, अंतर, बीट (म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला छोटा गस्तीचा भाग) आणि पत्ता. ही जागा नकाशावर मांडत गेलात तर पंधरा-वीस एफआयआरनंतर दिसायला लागतं की 'येरवडा' असं काही नसतंच, तीन-चार चौक असतात आणि दोन रस्ते असतात.

कलमांची ओळख, भारतीय न्याय संहितेप्रमाणे :

३०३(२) चोरी, गाडीचोरी बहुतेक इथेच. ३०५ घरातली चोरी. ३३१ घरफोडी. ३०४ हिसका मारून नेणं, म्हणजे मंगळसूत्र-मोबाईल. ३०९ जबरी चोरी. ११५(२) साधी मारहाण, ११८(१) हत्याराने मारहाण, १०९ खुनाचा प्रयत्न. ३५२ शिवीगाळ, ३५१ धमकी. १८९ ते १९१ बेकायदा जमाव आणि दंगा. ३१८(४) फसवणूक.

गाड्या फोडण्याच्या एफआयआरमध्ये ३२४ (मालमत्तेचं नुकसान) बरोबर हमखास दिसतं ते आर्म्स ॲक्ट ४/२५, महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१) सह १३५, आणि क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ७. मजकूरही जवळजवळ छापील : 'हातातील कोयते हवेत फिरवून परिसरात दहशत निर्माण केली.' पण तो मजकूर पुढे वाचा. फिर्यादी कोण, आरोपी कोण, आधी काय झालं होतं. बहुतेक वेळा आरोपी आणि ज्याला शोधायला ते आले होते तो, दोघं एकाच वस्तीतले आणि आधीपासून ओळखीचे. तो सापडला नाही म्हणून रस्त्यावर लावलेल्या रिक्षा-टेम्पोंच्या काचा गेल्या. बाहेरून भाड्याने राहायला आलेल्याला यात धोका आहे तो गाडी रस्त्यावर लावण्याचा. घरात पार्किंग असेल तर तोही बराच कमी.

मुळाकाठ
+१. आणि काय काढून टाकायचं तेही सांगा.

हद्दवाला
हो, ते राहिलं. दारूबंदी अधिनियम ६५(ई), जुगार १२(अ), आणि एकट्याने कोयता बाळगल्याच्या केसेस बाजूला ठेवा. या पोलिसांनी स्वतः छापा टाकून केलेल्या केसेस. नवीन साहेब आले, मोहीम निघाली, की महिन्यात भराभर वाढतात. जितके पोलीस जागे तितका आकडा मोठा. मोटार अपघात (२८१, १०६) बाजूला ठेवा, ते रस्त्याचं दुखणं. सायबर फसवणूक फिर्यादीच्या पत्त्यावरून दाखल होते, तिचा गल्लीशी संबंध नाही. मोठ्या रकमेच्या केसेस तर सायबर ठाण्याकडे जातात.

आणि १ जुलै २०२४ च्या अलीकडचे-पलीकडचे चोरीचे आकडे एकमेकांशी ताडू नका. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली चोरी अदखलपात्र झाली. आता चोर अनोळखी असेल तर तो पहिलटकर की सराईत हे कसं ठरवणार, हा घोळ आहेच. पण सायकल, सिलिंडर, बाल्कनीतले नळ अशा चोऱ्या वहीतून गळू शकतात. अदखलपात्र नोंदी पोर्टलवर येत नाहीत.

टिळकरोडी
बातमीच्या बाजूने थोडं. क्राइम बीटला, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या करणाऱ्या वार्ताहरांना, आयुक्तालयाकडून रोजची प्रेसनोट येते. तीत ठाण्याचं नाव आणि घटनेचं ठिकाण, दोन्ही असतात. मथळ्यात कुठलं घ्यायचं हे डेस्क (बातमी संपादित करणारा) ठरवतो, आणि तो दोन हिशोब करतो. एक, दोन कॉलमात बसतं का. दोन, वाचकाला कळतं का. 'येरवड्यात' पाच अक्षरं, सगळ्यांना कळतं. 'सुतारदऱ्यात', 'किष्किंधानगरात' ही नावं कळतात कारण पेपर घेणारा, तो लिहिणारा आणि तो तपासणारा, तिघंही पौड रोड-कर्वे रोडच्या टप्प्यात राहतात. त्यांना तिथल्या गल्ल्या वेगळ्या दिसतात. नदीपलीकडच्या गल्ल्या त्यांना एकसारख्या. यात कुणाचा डाव नाही, पण वीस-तीस वर्षं रोज असं छापलं की नाव तयार होतं.

अजून एक. येरवड्याच्या बातमीत निम्म्या वेळा एरिया नसतोच, कारागृह असतं. 'येरवड्यात कैद्यांची हाणामारी', 'येरवड्यात रवानगी', 'येरवड्यातून सुटका.' १८७१ पासूनचं ते मध्यवर्ती कारागृह अख्ख्या महाराष्ट्राचे आरोपी सांभाळतं आणि नाव वस्तीचं जातं. १९३२ चा पुणे करारही त्याच भिंतींच्या आत झाला, पण तो 'पुणे' करार! चांगलं झालं ते पुण्याचं.

शंकेखोर
हे शेवटचं आवडलं. वर येरवड्यातलंच मनोरुग्णालय. 'येरवड्याला पाठवा' हा विनोद अजून चालतोय.

मुळाकाठ
ठाणे शहरातही मनोरुग्णालय आहे आणि हाच विनोद तिकडे 'ठाण्याला पाठवा' असा होता. पण ठाण्याचं नाव त्यामुळे पडलं नाही, तलावांचं शहर वगैरे म्हणवून घेतात. तेव्हा एकट्या विनोदाने एरिया बुडत नाही, खाली झोपडपट्टी आणि वर तुरुंग असं काहीतरी जोडीला लागतं.

नकाशेमास्तर
सगळे कागदावर बोलताय, जमिनीवर बघा. येरवड्यात लांबच लांब आंधळ्या भिंती आहेत. कारागृहाची भिंत, मनोरुग्णालयाची भिंत, सरकारी आणि संरक्षण खात्याच्या जागांची कुंपणं. भिंतीला दार नाही, दुकान नाही, खिडकी नाही. अशा रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चालणारा माणूस कमी होतो आणि जो चालतो तो पाय उचलून. तिथे काही घडो न घडो, भीती वाटतेच, आणि ती भीती माणूस 'येरवडा' या नावाने घरी घेऊन जातो. खरी दाट वस्ती गाडीतळ-लक्ष्मीनगरकडे आत आहे, तिथे रात्री अकरालाही ओटे भरलेले असतात. बाहेरचा माणूस आत जातच नाही, त्याने बघितलेली असते ती फक्त भिंत.

कोथरूडला तशा भिंती कमी. तिथे डोंगरउतार आहे, आणि वस्ती उतारावर. खालच्या सोसायट्यांना वरची वस्ती दिसते पण तिचा रस्ता वेगळा, शाळा वेगळी, बसचा थांबा वेगळा. त्यामुळे 'ते वर, आम्ही खाली' हे सांगणं सोपं जातं. जनता वसाहत आणि पर्वतीच्या पायथ्याचंही तेच.

येरवड्यातल्या काही वस्त्यांत जेएनएनयूआरएमच्या बीएसयूपी योजनेत (केंद्राची शहरी गरिबांसाठीची योजना) लोकांना न हलवता जागच्या जागी घरं बांधून दिली. २७० चौरस फुटांची, तळ अधिक दोन वगैरे. बांधकाम उत्तम झालं असं सरसकट म्हणवत नाही, पण माणसं आपल्याच गल्लीत राहिली, शेजार तुटला नाही. ज्या पुनर्वसनात सात मजल्यांचे ठोकळे शहराच्या टोकाला नेऊन टाकतात, तिथे जिन्यातला दिवा कुणी बदलायचा इथपासून वाद सुरू होतो. लिफ्ट बंद, पाण्याची मोटर बंद, गच्चीचं दार उघडं. दोन-तीन वर्षांत त्या वसाहतीला नवीन बदनामी चिकटते, आणि ती पूर्वीच्या झोपडपट्टीपेक्षा वाईट असते, कारण ओळखीचं माणूस कुणीच नसतं.

एजंटभाऊ
बाजाराची बाजू मी सांगतो, रागावू नका. नाव खराब असलं तर नाव बदलायचं, एवढंच तंत्र आहे. वाघोलीला 'अप्पर खराडी' कोण म्हणतं? बिल्डर. कोंढव्यात राहून पत्त्यावर 'एनआयबीएम रोड' लिहिणारे हजारो. ठाणं एकच, पाणी एकच, कचऱ्याची गाडी एकच. पण जाहिरातीत 'एनआयबीएम' टाकलं की फोन वेगळ्या लोकांचे येतात.

कर्जाचंही ऐका. वित्तसंस्था 'निगेटिव्ह एरिया'ची आतली यादी ठेवायच्या, काही अजूनही ठेवतात. ती गुन्ह्यांवरून नाही, वसुलीवरून बनते. मागे हप्ते किती थकले, वसुलीवाल्याला पत्ता सापडला का, घराला नंबर आहे का. गल्ली अरुंद, दारावर नंबर नाही, पडताळणीला गेलेला पोरगा परत आला की शेरा 'पत्ता सापडला नाही.' असे शेरे साचले की पिनकोड निगेटिव्ह. मग तिथल्या चांगल्या पगाराच्या माणसालाही टू-व्हीलरचं कर्ज नाही. तो एरिया सोडतो. जो सोडू शकत नाही तो राहतो. दहा वर्षांनी लोक म्हणतात, बघा, एरियाच तसा.

आणि 'शांत, सुसंस्कृत वस्ती', 'व्हेज फॅमिली', 'कॉस्मो सोसायटी' या शब्दांमागे काय आहे ते सगळ्यांना कळतं. मालक फोनवर आडनाव आधी विचारतो, एरियाची सुरक्षितता नंतर.

चावडीकर
एजंटभाऊंनी स्पष्ट लिहिलं ते बरं झालं. कोंढव्याचं नाव नव्वदीनंतर तिथे मुस्लिम वस्ती वाढली तसं बदललं, हे न बोलता हा धागा पुढे नेणं खोटेपणाचं होईल. तपासयंत्रणांनी कोंढव्यातून एकाला उचललं की मथळ्यात कोंढवा. तीच कारवाई 'चांगल्या' उपनगरात झाली की मथळ्यात 'उच्चशिक्षित तरुण'.

सोलापूरकर
पुण्याच्या बाहेरचं चालेल का? सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भागच आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी काही जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी देऊन गिरणीत कामाला पाठवायचे. १८७१ चा तो कायदा, आणि रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं. नाव अजून सेटलमेंटच. इथे एरिया आधी 'गुन्हेगार' ठरला, तोही कायद्याने, आणि गुन्हे नंतर शोधले. चोरी कुठेही झाली की पहिली गाडी तिकडे जायची. पहिली गाडी तिकडे गेली की पहिली अटकही तिकडचीच. पुढे ती नोंद 'पूर्वेतिहास' म्हणून पुन्हा वापरली जाते.

हद्दवाला
सोलापूरकरांचा मुद्दा आजच्या तडीपारीलाही लागू आहे. पोलीस अधिनियमाच्या ५५, ५६, ५७ कलमांखाली उपायुक्त माणसाला हद्दपार करतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. तो जातो शेजारच्या हद्दीत, खोली घेतो शहराच्या कडेला, जिथे भाडं कमी आणि करारनामा कुणी मागत नाही. कडेच्या गावांची नावं खराब व्हायला हे एक कारण. शहर आपला आकडा सुधारतं आणि कडेचं ठाणं तो उचलतं. मोहोर मात्र लागते ती गावावर.

मीरा_के
इतकं वाचलं आणि बायकांबद्दल एक ओळ नाही. लैंगिक गुन्ह्यांचे आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) एफआयआर संवेदनशील म्हणून पोर्टलवर टाकत नाहीत, ते योग्यच. पण मग हद्दवाला यांच्या पद्धतीने काढलेल्या चित्रात बाईला ज्याची काळजी असते तेच नसतं. छेडछाड, पाठलाग, स्कूटरवरून जाताना मारलेला हात, यातलं बरंचसं ठाण्यापर्यंत जातच नाही.

त्यामुळे कागद बघून झाला की एरिया पायी बघा. सकाळी सव्वापाच ते सहा आणि रात्री साडेनऊ ते साडेदहा, कामाच्या दिवशी एकदा आणि शनिवारी एकदा. बसथांब्यापासून किंवा मेट्रोपासून इमारतीच्या दारापर्यंतचा रस्ता चाला, एरियाची फेरी नको. बघायचं ते हे :

बसथांब्यावर मुली एकट्या उभ्या आहेत का, की भाऊ-बाप गाडी घेऊन थांबलेत. शेवटचं उघडं दुकान कुठलं आणि किती वाजता बंद होतं. मेडिकल आणि दूधवाला उघडे असतील तर उत्तम, फक्त वाइन शॉप उघडं असेल तर त्याच्या मागची बाजू बघून या. लोक बाटली घेऊन कुठल्या आडोशाला जातात ते कळतं, आणि तो आडोसा तुमच्या वाटेवर आहे का तेही. दिवे नुसते मोजू नका, झाडाच्या फांद्यांच्या वर असलेल्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडत नाही. ग्रिल तळमजल्यालाच आहे की चौथ्या मजल्यापर्यंत. आणि रिक्षावाल्याला रात्री दहाला तिकडचं भाडं विचारा. तो नाही म्हणाला तर कारण विचारा. 'परतीचं भाडं मिळत नाही' हे कारण असेल तर एरिया वाईट नाही, रिकामा आहे. पण रिकाम्या रस्त्याचा त्रास बाईला वेगळाच होतो.

शंकेखोर
मीराताई, यात कोथरूड पास होईल ना?

मीरा_के
दुकानं आणि वर्दळ यात सहज पास. पण 'सेफ' म्हणून माणसं गाफीलही तिथेच. मुलगा अमेरिकेत, आई-वडील सहा महिने तिकडे, फ्लॅटला साधं कुलूप, दारात पेपरची चळत. घरफोडी करणारा दिवसा बेल वाजवून बघतो, कुणी उघडलं नाही तर कडीकोयंडा उचकटायला त्याला फार वेळ लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट'चे (पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारे) फोनही पेन्शन आणि मुदत ठेवी जिथे आहेत त्यांनाच. ही माणसं एरियाला घाबरत नाहीत, म्हणून शेजारच्या फ्लॅटची किल्लीही कुणाकडे ठेवत नाहीत.

मुळाकाठ
गंमत म्हणजे मेट्रोची वनाज-रामवाडी मार्गिका कोथरूड आणि येरवडा दोन्ही जोडते. येरवडा स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, पुढचं स्थानक कल्याणीनगर. दोन्ही एकाच ठाण्याच्या हद्दीत, पण घराच्या जाहिरातीत 'येरवडा मेट्रोपासून चालत' असं लिहिलेलं शोधून दाखवा.

एजंटभाऊ
नाही सापडणार. 'कल्याणीनगरपासून पाच मिनिटं' असं लिहितो आम्ही.

वाघोलीवाला
एक उपप्रश्न. वाघोलीचं नवीन ठाणं झाल्यावर जुने एफआयआर कुठे शोधायचे? पोर्टलवर वाघोली निवडलं तर मागचं काहीच येत नाही.

हद्दवाला
लोणीकंद निवडा. वाघोली आधी त्याच ठाण्यात होतं. आणि २०२१ च्या आधीचं हवं असेल तर जिल्ह्यात 'पुणे शहर' नको, 'पुणे ग्रामीण' घ्या, कारण तेव्हा लोणीकंद ग्रामीणकडे होतं. मुद्दा ५ मधला पत्ता वाचून वाघोलीचे तेवढे वेगळे काढा, बाकीचे आसपासच्या गावांचे असतात. केसनंद फाटा आणि नगर रस्त्यावरच्या केसेस वेगळ्या ठेवा, ती हायवेची गर्दी आहे.